थिजलेली पावले चालू लागली

सदऱ्याची गुंडी लावणे ही गोष्ट किती साधी! शाळेची घंटा होण्याच्या घाईत आपण ती लावतो आणि लावल्याचे आपल्या लक्षातही राहत नाही. परंतु या क्षणभराच्या कामात खांदा, कोपर, मनगट आणि बोटे यांचे कितीतरी स्नायू एकाच वेळी राबत असतात. एक स्नायू आखडला, की त्याच्या विरुद्ध बाजूचा स्नायू सैल पडावा लागतो. तो किती आखडावा, केव्हा आखडावा आणि केव्हा थांबावा, हे सारे ठरलेले असावे लागते. लेझीम खेळताना हलगीचा ठेका चुकला, की सगळ्या पथकाची पावले चुकतात. शरीराचेही तसेच आहे. त्याचा ठेका मेंदूकडून येतो.

हा ठेका बिघडला तर काय होते? हात स्वस्थ ठेवला असताही थरथरू लागतो. अंग ताठर होते. चालताना पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होते. चेहऱ्यावरचे भाव नाहीसे होतात, अक्षर बारीक होत जाते आणि आवाज क्षीण होतो. घास तोंडाशी नेणे, कूस बदलणे, गुंडी लावणे यांसारख्या लहानसहान कामांसाठीही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. या विकाराला मराठीत कंपवात म्हणतात. तो बहुधा उतारवयात जडतो. या विकारात सर्वांत मोठे दुःख असे, की पुष्कळदा माणसाची बुद्धी अनेक वर्षे शाबूत असते. त्याला सारे समजते, हालचाल करण्याची इच्छाही असते; परंतु शरीर त्याची आज्ञा मानीत नाही.

इ. स. १८१७ साली लंडनमधील जेम्स पार्किन्सन नावाच्या वैद्याने या विकारावर एक छोटीशी पुस्तिका लिहिली. तीत अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन होते. त्यांपैकी काही जण तर पार्किन्सन यांनी रस्त्याने जाता-येता पाहिलेले होते. परंतु त्यांचे निरीक्षण इतके अचूक होते, की पुढे शार्को या विख्यात फ्रेंच वैद्याने या विकाराला पार्किन्सन यांचेच नाव दिले. रोगाला नाव मिळाले. पण औषध मिळाले नाही. धोत्र्याच्या कुळातील वनस्पतींपासून काढलेल्या औषधांनी थोडासा आराम पडे, इतकेच. पार्किन्सन यांच्या पुस्तिकेनंतर सुमारे दीडशे वर्षे कंपवाताचा रुग्ण वर्षागणिक अधिकाधिक जखडत जाई आणि वैद्य हताशपणे पाहत राही.

मग हे चित्र पालटले कसे? ते पालटण्यास अनेक शास्त्रज्ञांचे श्रम कारणीभूत झाले. परंतु प्रयोगशाळेत सापडलेले ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत नेऊन त्याला उठवून उभे करण्याचे श्रेय मुख्यतः एका संशोधकाकडे जाते. त्यांचे नाव डॉ. जॉर्ज कोट्झियास.

कोट्झियास यांचा जन्म १९१८ साली ग्रीस देशातील क्रीट या बेटावर झाला. त्यांचे वडील पुढे अथेन्स या राजधानीचे नगराध्यक्ष झाले. जॉर्ज यांनी अथेन्समध्ये वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. परंतु तो पुरा होण्यापूर्वीच दुसऱ्या महायुद्धाचा वणवा ग्रीसपर्यंत येऊन पोहोचला. १९४१ साली जर्मन सैन्याने देश व्यापला आणि कोट्झियास कुटुंबाला मायभूमी सोडून अमेरिकेचा आश्रय घ्यावा लागला. तेथे पोहोचलेल्या या तरुणाला इंग्रजी भाषा नीट येत नव्हती. तरीही त्यांनी जिद्द सोडली नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला आणि १९४३ साली ते तेथून मानाने पदवीधर झाले.

पुढे १९५३ साली ते न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेव्हन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत दाखल झाले. या संस्थेत अणुशक्तीवर संशोधन चाले आणि तिला जोडून एक लहानसे रुग्णालयही होते. तेथे रुग्णांना दीर्घकाळ ठेवून त्यांची बारकाईने पाहणी करता येई. ही सोय पुढे फार मोलाची ठरली.

ब्रुकहेव्हनमध्ये कोट्झियास यांनी मँगॅनीज या धातूचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास आरंभला. मँगॅनीज आपल्या परिचयाचा आहे. महाराष्ट्रात नागपूर आणि भंडारा या जिल्ह्यांत त्याच्या खाणी आहेत आणि पोलाद तयार करण्यासाठी तो लागतो. आपल्या शरीरालाही हा धातू अत्यल्प प्रमाणात हवा असतो. परंतु त्याची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेली, तर ती मेंदूला बाधते. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाच्या खाणींत असे रुग्ण आढळत. खाणीतला कामगार प्रथम विचित्र वागू लागे. कारण नसता हसे, कारण नसता रडे. लोक याला ‘मँगॅनीजचे वेड’ म्हणत. काही काळाने हे वेड ओसरे. परंतु मग त्याचे अंग ताठर होई, चेहरा मुखवट्यासारखा भावहीन बने आणि चाल बिघडे. हे चित्र कंपवाताशी बरेच मिळतेजुळते होते.

कोट्झियास चिलीतील डॉ. इस्माएल मेना आदी सहकाऱ्यांबरोबर या कामगारांच्या अभ्यासात गुंतले. किरणोत्सारी मँगॅनीज अगदी अल्प प्रमाणात शरीरात सोडावयाचे आणि ते किती काळ टिकते हे यंत्राने मोजावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. खाणीत काम करणाऱ्या धडधाकट कामगारांच्या शरीरात मँगॅनीज अधिक होते. उलट खाण सोडून गेलेल्या रुग्णांच्या शरीरातून ते पुष्कळसे निघून गेले होते. तरीही रुग्ण रुग्णच राहिले होते! विष गेले होते. त्याने केलेली इजा मात्र मागे उरली होती. म्हणजे केवळ विष काढून भागणार नव्हते. मेंदूत जे उणे पडले होते, त्याची भरपाई कशी करता येईल, हा खरा प्रश्न होता.

मेंदूत उणे काय पडते, याचा शोध त्याच सुमारास युरोपात लागला होता. मेंदूच्या मध्यभागी खोलवर काळसर रंगाच्या पेशींचे दोन लहान पुंजके असतात. या पेशी डोपामीन नावाचे एक रसायन तयार करतात. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागांना या रसायनाद्वारे निरोप मिळतात. १९५७ साली स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन यांनी सशांवर एक प्रयोग केला. सर्पगंधा या आपल्या देशातील वनस्पतीच्या मुळांत रेसर्पीन नावाचे द्रव्य असते. ते टोचताच ससे कान पाडून निश्चल बसले. मग कार्लसन यांनी त्यांना डोपा हे द्रव्य टोचले आणि थोड्याच वेळात ससे पूर्ववत हिंडूफिरू लागले! शरीरात डोपापासूनच डोपामीन तयार होते. या संशोधनाबद्दल कार्लसन यांना पुढे २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९६० साली व्हिएन्ना येथील ओलेह होर्निकिएविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने कंपवाताने मृत्यू पावलेल्या व्यक्तींचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांत डोपामीनचे प्रमाण फारच कमी असल्याचे दिसून आले.

आता वाट स्पष्ट दिसू लागली होती. डोपामीन कमी आहे, तर ते बाहेरून द्यावे. पण यात एक अडचण होती. गावाच्या वेशीवर पहारा असावा आणि अनोळखी माणसाला आत सोडू नये, तशी रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक नैसर्गिक तटबंदी असते. डोपामीनला ती ओलांडता येत नाही. डोपाला मात्र येते. म्हणून व्हिएन्नाच्या वैद्यांनी १९६१ साली रुग्णांच्या शिरेतून डोपा दिले. अंथरुणाला खिळलेले काही रुग्ण उठून बसले, चालले. परंतु हा गुण काही तासांतच ओसरे. इतर देशांतील वैद्यांनीही हा उपाय करून पाहिला. कोणाला थोडे यश आले, तर कोणाला मुळीच आले नाही. मात्रा वाढवावी, तर रुग्णाला मळमळ सुटे, उलट्या होत. तेव्हा या औषधात फारसा अर्थ नाही, असे अनेकांना वाटू लागले.

याच टप्प्यावर कोट्झियास यांनी डोपा हाती घेतले. त्यांची मूळ कल्पना मात्र निराळी होती. कंपवातात मेंदूतील त्या काळसर पेशींचा रंग फिका पडतो. तेव्हा तो रंग परत आणता आला तर रोग हटेल, असा त्यांचा कयास होता. म्हणून प्रथम त्यांनी शरीरातील रंगद्रव्य वाढवणारे एक द्रव्य देऊन पाहिले. त्याने रुग्णांची त्वचा काळवंडली. परंतु कंप कमी होण्याऐवजी वाढला. ते द्रव्य त्यांनी बाजूला ठेवले. डोपापासूनही शरीरात रंगद्रव्य बनते, म्हणून त्यांनी डोपा दिले, आणि त्याचा गुण स्पष्ट दिसू लागला. पेशींचा रंग परत आणणे हा यावरचा उपाय नव्हता. मेंदूला हवे होते ते डोपामीन. आपला कयास खरा की खोटा, याचा निवाडा त्यांनी रुग्णाच्या प्रकृतीवर सोपवला होता. म्हणूनच चुकीच्या दिशेने निघूनही ते योग्य ठिकाणी पोहोचले.

डोपा तर इतरांनीही दिले होते. मग कोट्झियास यांनी वेगळे काय केले? त्यांनी मात्रेचा विचार केला. पाटाचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचण्यापूर्वी वाटेतच बरेचसे मुरून जाते. पोटातून दिलेल्या डोपाचेही तसेच होते. त्यातील बहुतेक भागाचे मेंदूबाहेरच डोपामीन बनते. ते तटबंदी ओलांडू शकत नाही. उलट मळमळ मात्र निर्माण करते. मेंदूपर्यंत फारच थोडे डोपा पोहोचते. म्हणजे मात्रा मोठी हवी. पण मोठी मात्रा शरीराला एकदम सोसत नाही. या पेचातून कोट्झियास यांनी जो मार्ग काढला, तो ऐकावयास सोपा परंतु आचरणास कठीण होता. अगदी लहान मात्रेपासून आरंभ करावयाचा, ती तोंडावाटे दिवसातून अनेक वेळा द्यावयाची, शरीराला तिची सवय होऊ द्यावयाची, मग किंचित वाढवावयाची आणि पुन्हा थांबावयाचे. असे आठवड्यांमागून आठवडे चालत असे. व्हिएन्नाच्या वैद्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजावी लागे. कोट्झियास यांची रोजची मात्रा हळूहळू ३ ग्रॅमपासून १६ ग्रॅमपर्यंत गेली. एका ग्रॅमचे हजार मिलिग्रॅम होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हा फरक केवढा होता ते कळेल.

प्रत्येक रुग्णाची मात्रा निराळी होती. एकाला जे पुरे पडे ते दुसऱ्याला पुरत नसे. एकाला जे सोसे ते दुसऱ्याला सोसत नसे. त्यामुळे रोज प्रत्येकाकडे लक्ष ठेवावे लागे. हात किती थरथरतो, खुर्चीतून उठताना किती वेळ लागतो, रक्तात काही बिघाड होतो काय, हे सारे तपासावे लागे. घाई केली तर उलट्या होऊन सारे श्रम वाया जात. येथे ब्रुकहेव्हनचे ते लहानसे रुग्णालय उपयोगी पडले. कारण रुग्ण तेथेच राहत असत.

फेब्रुवारी १९६७ मध्ये कोट्झियास आणि त्यांचे सहकारी यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण १६ रुग्णांना डोपा दिले होते. त्यांपैकी ८ जणांच्या प्रकृतीत ठळक सुधारणा झाली होती. ज्यांचे हात ताठर झाले होते, त्यांच्या हातांना लवचीकपणा आला. ज्यांचा कंप थांबत नव्हता, त्यांचा कंप निवळला. आणि हा गुण काही तासांत ओसरला नाही; औषध चालू असेपर्यंत तो टिकून राहिला. ज्या विकारापुढे वैद्यकाने हात टेकले होते, त्यात असे घडणे ही असामान्य घटना होती.

याच लेखात कोट्झियास यांनी औषधाचे दोषही नमूद केले. काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या. याचे कारण शोधताना डोपाच्या दोन रूपांकडे लक्ष गेले. उजव्या आणि डाव्या पायाचे जोडे दिसावयास सारखे असतात. परंतु उजवा जोडा डाव्या पायात बसत नाही. प्रयोगशाळेत तयार केलेल्या डोपाचीही अशी डावी आणि उजवी दोन रूपे एकमेकांत मिसळलेली असत. शरीराच्या उपयोगी पडे ते केवळ डावे रूप. उजवे रूप निरुपयोगी असून वर अपायही करी. म्हणून कोट्झियास यांनी पुढे निव्वळ डावे रूप वापरले. त्यालाच लेव्होडोपा म्हणतात. ते महाग होते आणि मिळावयासही कठीण होते. परंतु त्याची मात्रा कमी लागे आणि रक्ताला होणारा तो उपद्रवही टळे. १९६९ साली २८ रुग्णांवरील दीर्घ उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. इतर रुग्णालयांतील वैद्यांनीही हे उपचार करून पाहिले आणि त्यांनाही तसाच गुण आढळला. त्याच वर्षी कोट्झियास यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक देण्यात आले आणि १९७० साली तेथील शासनाने लेव्होडोपाला औषध म्हणून मान्यता दिली. चिलीतील मँगॅनीजबाधित कामगारांपैकी काहींनाही या औषधाने आराम पडला.

लेव्होडोपा रोग मुळापासून बरा करते काय? नाही. पेशींचा ऱ्हास ते थांबवू शकत नाही. पेशींनी जे रसायन तयार करावयाचे, ते पुरवण्याचे काम तेवढे ते करते. काही वर्षांनी अनेक रुग्णांत त्याचा परिणाम कमी काळ टिकू लागतो. कधी शरीर नको तितके हलू लागते; हात, मान, धड आपोआप वळवळतात. हा दोषही कोट्झियास यांनीच १९६९ च्या लेखात स्पष्टपणे मांडला होता. आपल्या औषधाचे गुण जगाला सांगताना त्यांनी त्याचे अवगुण झाकून ठेवले नाहीत. त्यामुळेच इतर वैद्यांना सावधपणे उपचार करता आले आणि पुढील संशोधकांना काय शोधावयाचे ते कळले.

त्यांपैकी एक शोध लवकरच उपयोगात आला. कार्बिडोपा नावाचे द्रव्य लेव्होडोपाबरोबर दिले, तर मेंदूबाहेर लेव्होडोपाचे डोपामीन बनणे बरेचसे रोखले जाते. पाटाला पक्के अस्तर केल्यावर पाणी वाटेत मुरत नाही, तसाच हा प्रकार. त्यामुळे लेव्होडोपाची मात्रा पूर्वीच्या सुमारे एक-चतुर्थांशावर आली आणि मळमळही पुष्कळ कमी झाली. या विषयावरही कोट्झियास यांनी काम केले होते. १९८७ साली फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे आलीम-लुई बेनाबिद यांनी मेंदूत खोलवर बारीक तार बसवून विजेच्या सौम्य स्पंदनांनी कंप आटोक्यात आणण्याचा मार्ग शोधून काढला. असे नवे उपाय आले, तरी कंपवातावरील उपचारांत लेव्होडोपाचे प्रमुख स्थान अद्याप कायम आहे.

या औषधाचा आपल्या रानावनांशीही संबंध आहे. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी खाजकुहिली नावाची वेल वाढते. तिच्या शेंगांवरील लव अंगाला लागली, की असह्य खाज सुटते. म्हणून मुले तिच्यापासून चार हात दूर राहतात. या खाजऱ्या शेंगेच्या बियांत निसर्गतःच लेव्होडोपा असते. १९३७ साली मद्रास येथील दोन भारतीय शास्त्रज्ञांनी ते या बियांतून वेगळे काढले होते. मात्र त्याचा उपयोग कंपवातावर होईल, याची त्या काळी कोणाला कल्पना नव्हती. अर्थात, ज्या औषधाची मात्रा इतक्या जपून ठरवावी लागते, ते कोणी आपल्या मनाने बिया खाऊन घेऊ नये. त्यासाठी वैद्याचाच सल्ला हवा.

डॉ. कोट्झियास यांना फार आयुष्य लाभले नाही. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग जडला आणि १९७७ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे वय त्या वेळी साठीच्याही आत होते. डोपाचा शोध त्यांनी लावला नव्हता, मेंदूत डोपामीन कमी पडते हेही त्यांनी शोधले नव्हते. औषध इतरांच्याही हातात होते आणि इतरांनी ते टाकूनही दिले होते. कोट्झियास यांनी ते पुन्हा उचलले, थोडे थोडे करून वाढवले आणि प्रत्येक पावलावर रुग्णाकडे पाहिले. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. त्या म्हणीतील चिकाटी एका वैद्याने रुग्णाच्या खाटेशेजारी महिनोन्महिने दाखवली, म्हणून कंपवाताने जखडलेल्या असंख्य माणसांना आज आपल्या हाताने घास घेता येतो, आपल्या पायांनी अंगणात जाता येते आणि सदऱ्याची गुंडी स्वतः लावता येते.